आयत्या वेळचा विषय

सहकारी बँकेची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा ताल ठाऊक असतो. सचिव विषय वाचतात, "मंजूर?" असं विचारतात आणि पुढच्या दोन रांगांतून आवाज येतो, "मंजूर, मंजूर." मागील सभेचं इतिवृत्त, मंजूर. अहवाल, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, मंजूर. लाभांश किती ते सगळ्यांना आधीच कळलेलं असतं आणि सभागृहाच्या मागच्या दारातून वड्यांचा वास येऊ लागलेला असतो.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या बँकेच्या सभेत अहवालाच्या विषयाला "मंजूर" म्हणून झालं, सचिवांनी पुढचा विषय वाचायला कागद उलटला, आणि पाचव्या रांगेतून एक गृहस्थ उठले. हातात पांढरी काठी होती. त्यांनी माइकची वाट पाहिली नाही.

"अध्यक्षसाहेब, माझी हरकत आहे. हा अहवाल मी वाचलेला नाही. मला वाचताच आलेला नाही. न वाचलेल्या अहवालाला मी मंजूर कसं म्हणू?"

मी बाजूच्या भिंतीशी प्रोजेक्टरच्या टेबलापाशी उभी होते. चौदा महिने मी हेच म्हणणं टिपणीच्या भाषेत फायलीत लिहीत होते आणि ते एकदाही कोणाच्या कानापर्यंत पोचलं नव्हतं.

बँकेचं नाव मी सांगणार नाही. पश्चिम महाराष्ट्रातली मध्यम आकाराची नागरी सहकारी बँक, एवढं पुरे. मी तिथे आयटी विभागात होते. वेबसाइट आणि नेटबँकिंग माझ्याकडे. २०१८ च्या जुलैमध्ये आम्ही नवी वेबसाइट सुरू केली. जुनी दिसायला अगदीच साधी होती, पांढऱ्या पानावर निळ्या लिंका. नवीवर फिरती चित्रं होती, सरकत येणारे मेनू होते, संचालक मंडळाचे फोटो होते. उद्घाटनाला नारळ फोडला. तीन आठवड्यांनी, पुढे सभेत हरकत घेणारे ते काका मुख्य कार्यालयात आले.

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ त्यांचा एसटीडी बूथ होता. बूथ बंद पडले तसं त्यांनी मोबाइल रिचार्ज आणि वीजबिल भरणा सुरू केला. जन्मापासून दृष्टी नाही. आमच्याकडे चालू खातं, आणि बूथ सुरू झाला त्याच वर्षी घेतलेले शेअर्स. म्हणजे नुसते खातेदार नव्हेत, सभासद. सहकारी बँकेत या शब्दाला वजन असतं, पण ते मला पुढे कळलं.

"ताई, मी तक्रार करायला आलेलो नाही," ते म्हणाले. "तुम्ही फक्त ऐका."

त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि हेडफोनची पिन उपटली. त्यावर एनव्हीडीए होतं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी ही प्रणाली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतली आणि ती आजही फुकट मिळते. काका ज्या वेगाने ऐकतात त्या वेगाने आपल्याला शब्द सुटे ऐकूच येत नाहीत. आमच्यासाठी त्यांनी वेग निम्म्याहून कमी केला, आमची नवी वेबसाइट उघडली आणि टॅबचं बटण दाबत गेले.

"लिंक. लिंक. ग्राफिक, स्लाइड अंडरस्कोर झीरो थ्री. बटन. बटन. बटन. बटन."

"आता सांगा, यातलं लॉगिनचं कोणतं?"

आम्ही पाच-सहा जण टेबलाभोवती उभे होतो. त्यातल्या दोघांनी ती वेबसाइट तपासून मंजूर केली होती. कोणालाच सांगता आलं नाही.

"चौथं," काका म्हणाले. "भाच्याने सांगितलं म्हणून मला माहीत." लॉगिनच्या पानावर पासवर्डसाठी पडद्यावरचा कीबोर्ड होता. दर वेळी त्यातले आकडे जागा बदलत आणि ते फक्त माउसने दाबता येत. त्याखाली वाकडी अक्षरं ओळखायचं चित्र, ज्याला आवाजाचा पर्याय नव्हता. काका तिथे थांबले.

"जुन्या साइटवर मी सात वर्षं माझा बॅलन्स माझा मी बघत होतो. नवी आल्यापासून भाच्याला पासवर्ड दिलाय. पोरगा चांगला आहे हो. पण माझ्या खात्यात किती पैसे आहेत, ते हल्ली त्याला माझ्याआधी कळतं."

त्या संध्याकाळी घरी जाताना माझ्या फोनवर आमच्याच बँकेचा नेहमीचा एसएमएस आला. आपला पासवर्ड व ओटीपी कोणालाही सांगू नका. त्या एसएमएसचा मसुदा मीच लिहिला होता. बस थांब्यावर उभी राहून मी तो तीनदा वाचला.

पहिली टिपणी मी कायद्याच्या आधारावर लिहिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या कलम ४६ मध्ये सरकारी असोत वा खासगी, सेवा देणाऱ्या सगळ्यांवर जबाबदारी टाकली आहे: सुगम्यतेचे नियम प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षांच्या आत आपली सेवा त्या नियमांनुसार करायची. नियम जून २०१७ मध्ये आले होते, म्हणजे मुदत जून २०१९. मला वाटलं, एवढं लिहिलं की काम झालं. विधी विभागाचं उत्तर आठवड्यात आलं. नियमांत वेबसाइटसाठी जो दाखला आहे तो केंद्र सरकारच्या वेबसाइटसाठी बनवलेल्या मार्गदर्शक सूचनांचा आहे. आपली संस्था सरकारी नाही. सबब नोंद घेण्यात आली. ज्यांनी कार्यालयात आयुष्य काढलं आहे त्यांना ठाऊक आहे की "नोंद घेण्यात आली" हे शब्द पडले की फाइल कपाटात जाते.

विधी विभागातले गृहस्थ वाईट नव्हते. नियमाची रचनाच तशी होती, पळवाट शोधणाऱ्याला ती उघडी दिसायची. राजीव रतुरी या अंध नागरिकाने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, तिचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला. त्यात न्यायालयाने याच नियमांतला १५ वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्ती करतो आणि नियम नुसतं सुचवतो. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. प्रज्ञा प्रसून यांच्यावर अ‍ॅसिडहल्ला झाला होता. डिजिटल केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवायच्या होत्या आणि त्यांना पापण्या मिटता येत नव्हत्या, म्हणून खातं उघडायचं अडलं होतं. तीच टिपणी आज लिहायची असती तर हे दोन निकाल जोडून एका पानात विषय संपला असता. २०१८ मध्ये ते नव्हते.

दुसरी टिपणी आकड्यांची. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातल्या २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. महाव्यवस्थापकांनी ती वाचली आणि विचारलं, "मॅडम, यातले आपले किती?"

आमच्याकडे आकडा नव्हता. खातं उघडण्याच्या अर्जात तसा रकानाच नव्हता. मार्केटिंगच्या मॅडमनी वेबसाइटवर येणाऱ्यांची आकडेवारी काढली. तिच्यातही, साहजिकच, एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर कोण वापरतं ते दिसत नव्हतं. "मग एवढ्या थोड्यांसाठी एवढा खर्च?" असा शेरा पडला. मला आजही वाटतं की ती टिपणी लिहिणं ही माझी चूक होती. जिना चढून आत येता येत नाही त्यांची संख्या आतल्या खुर्च्या मोजून निघत नाही. शिवाय आकड्यांनी बोलायला लागलं की समोरचा आकड्यांनीच उत्तर देतो, आणि एका माणसाने आपला पासवर्ड दुसऱ्याला का सांगावा, हा प्रश्न बाजूला पडतो.

त्याच काळात एका संचालकांनी प्रामाणिकपणे विचारलं होतं, "सुगम्यता म्हणजे रॅम्प ना? तो तर आपण बांधला." खरंच बांधला होता, आणि चांगला बांधला होता. त्या रॅम्पसाठी कोणी विचारलं नव्हतं की व्हीलचेअरवरून किती जण येतात. मी ते तेव्हा बोलायला हवं होतं. सुचलं ते रात्री.

तिसऱ्या वेळी गाडी खर्चावर अडली. वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीने दुरुस्तीचं अंदाजपत्रक दिलं ते पानांच्या हिशेबाने: सहाशे चाळीस पानं, दर पानामागे इतके तास. एकूण रक्कम नव्या वेबसाइटच्या किमतीच्या जवळ गेली. ती पाहून फाइल परत माझ्या टेबलावर आली.

इथे मला सिडनीने हात दिला. २००० च्या ऑलिंपिकच्या आधी ब्रूस मॅग्वायर नावाच्या अंध नागरिकाने तिथल्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली होती की ऑलिंपिकची वेबसाइट आपल्याला वाचता येत नाही. चित्रांना मजकुराची जोड नव्हती आणि निकालांचे तक्ते नीट ऐकू येत नव्हते. आयोजन समितीने हेच उत्तर दिलं होतं: काम अवाढव्य आहे, एका माणसाला रोज आठ तासांप्रमाणे ३६८ दिवस लागतील. तक्रारदाराच्या बाजूने आलेल्या तज्ज्ञांनी दाखवलं की हा हिशेब फुगवलेला आहे. ऑगस्ट २००० मध्ये आयोगाने मॅग्वायर यांच्या बाजूने निर्णय दिला आणि समितीने तो पुरता पाळला नाही म्हणून पुढे २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. तो निर्णय मी दोन रात्री बसून वाचला. त्यातला मला उपयोगी पडलेला भाग भरपाईचा नव्हता. कामाचा अंदाज कसा काढायचा आणि कसा तपासायचा, ते मी त्यातून शिकले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वेबसाइटचे साचे मोजले. सहाशे चाळीस पानं होती, पण ती बनली होती चौदा साच्यांतून. कर्जाच्या सगळ्या योजना एका साच्यात, सगळ्या शाखा एका साच्यात. वरची पट्टी, मेनू आणि तळ सगळ्या पानांना एकच. साचा एकदा नीट केला की त्याच्यातून निघणारी दीडशे पानं आपोआप नीट होतात. मी कंपनीला तसं लिहिलं. नवं अंदाजपत्रक आलं ते पहिल्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी होतं. हाच विषय हाती घेऊन झगडणाऱ्या कोणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन: पानं मोजू देऊ नका, साचे मोजायला लावा.

कंपनीने सोबत एक स्वस्त पर्यायही पाठवला. पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह, त्यावर दाबलं की अक्षर मोठं, रंग उलटे, आणि "वाचून दाखवा". एक ओळ जोडायची, एका दिवसात काम. वरिष्ठांना हे फार आवडलं. मी ते चाचणीच्या जागेवर बसवून काकांना उघडायला सांगितलं. फोनवर दोन आवाज एकमेकांवर आदळत होते, त्यांच्या एनव्हीडीएचा आणि त्या चिन्हामागचा. "ताई, मला वाचून दाखवणारा माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "तुम्ही फक्त बटणांना नावं द्या." तो पर्याय तिथेच संपला. अशा जोडण्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये एका कंपनीकडून दहा लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं, कारण तिची जोडणी कुठल्याही वेबसाइटला सगळे निकष पाळणारी करते, हा दावा सिद्ध होत नव्हता. आपल्याकडे ही चिन्हं अजून जोरात विकली जातात, म्हणून मुद्दाम लिहिते.

त्या कंपनीत एक तेविशीचा मुलगा होता, आमच्या कामावर नेमलेला. त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण वरून काहीच मंजूर होत नव्हतं तेव्हा काम पुढे नेलं ते त्याने. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. काकांनी सांगितलेली एक गोष्ट त्याला छळत होती: आमच्या मराठी पानांवर एनव्हीडीए इंग्रजी शब्द आणि आकडे वाचायचं आणि देवनागरी मजकूर जवळजवळ गाळून पुढे जायचं. मजकूर तर युनिकोडमध्ये होता. मग का?

त्याने पानाचा सोर्स उघडला. अगदी सुरुवातीच्या एका ओळीत पानाची भाषा लिहिलेली असते. तिथे इंग्रजी असं लिहिलेलं होतं. सगळ्या मराठी पानांवर. कोणीतरी कधीतरी इंग्रजी साचा उचलून त्यात मराठी मजकूर भरला होता आणि ती ओळ तशीच राहिली होती. एनव्हीडीए ती ओळ वाचून आवाज निवडतं. ओळ इंग्रजी म्हणते, म्हणून बोलायला इंग्रजी आवाज येतो, आणि त्याला देवनागरी येत नाही. मुलाने दोन अक्षरं बदलली. ई-एनच्या जागी एम-आर. मग त्याने त्याच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलेलं एनव्हीडीए सुरू केलं आणि ठेवींच्या पानावर बाण खाली नेला.

यंत्राचा कोरडा, एकसुरी आवाज. पण तो म्हणाला, "मुदत ठेव. ज्येष्ठ नागरिकांसाठी अर्धा टक्का जादा व्याज."

आमच्या विभागात डबे उघडलेले होते. शिपाई मामा पाण्याचा जग घेऊन आत येत होते ते दारातच थांबले. "मराठी बोलतंय की ते," मामा म्हणाले. त्या मुलाने बिलात न धरता पुढचे आठ-दहा दिवस जेवणाच्या सुट्टीत बटणांना नावं दिली, रकान्यांना शीर्षकं जोडली, टॅब दाबताना आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट परत आणली. डिझाइनमध्ये ती चौकट कुरूप दिसते म्हणून कोणीतरी काढून टाकली होती. काकांना रोज संध्याकाळी तो स्वतः फोन करायचा.

नेटबँकिंगचं पान मात्र त्याच्या हातात नव्हतं. तिथे बदल करायला संचालक मंडळाची मंजुरी लागत होती, आणि ती मिळवून द्यायला जो माणूस पुढे आला त्याची मला अपेक्षा नव्हती: जोखीम विभागाचे प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, कमी बोलणारे. माझी फाइल त्यांच्याकडे चुकून गेली होती. त्यांनी मला बोलावलं आणि सगळ्या टिपण्यांतून फक्त एका वाक्याखाली रेघ ओढली: भाच्याला पासवर्ड दिलाय.

"हे दयेचं प्रकरण म्हणून तुम्ही का मांडताय?" त्यांनी विचारलं. "आपण आपल्या खातेदाराला पासवर्ड वाटायला लावतोय. उद्या त्या खात्यातून पैसे गेले तर आपण म्हणू, तुम्ही पासवर्ड दिलात, जबाबदारी तुमची. आणि त्याच्याकडे दुसरा रस्ता आपणच ठेवलेला नाही. हा माहिती सुरक्षेचा विषय आहे. खर्चही त्याच शीर्षाखाली टाका."

खर्च कोणत्या शीर्षाखाली पडतो यावर संस्थेत कामाचं नशीब ठरतं, हे मी त्या दिवशी शिकले. सामाजिक जबाबदारीच्या शीर्षाखाली आमच्याकडे दिवाळीच्या आधी वह्यावाटप व्हायचं आणि पैसे संपायचे. माहिती सुरक्षेच्या शीर्षाला कोणी हात लावत नसे. तरीही मंडळाने विषय दोनदा पुढच्या सभेवर ढकलला. आणि मग सप्टेंबर आला. सहकारी संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावीच लागते.

सभेत काकांनी हरकत घेतल्यावर अध्यक्ष सौजन्याने म्हणाले, "आपण शाखेत या. आमचे कर्मचारी आपल्याला अहवाल वाचून दाखवतील."

"साहेब, बाकीच्या सभासदांना कोणी वाचून दाखवतं का?" काका म्हणाले. "ते घरी बसून वाचतात. जे पान आवडत नाही ते परत वाचतात. बुडीत कर्जाचं पान तुमचा कर्मचारी मला परत परत वाचून दाखवेल का?"

सभागृहात कुजबुज झाली. मागून कोणीतरी "पुढचा विषय घ्या" म्हणालं. तेव्हा बायकांच्या बाजूने एक निवृत्त शिक्षिका उठल्या. त्यांना मी ओळखतही नव्हते. "मला दिसतं," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या साइटवरची बटणं वाचता येत नाहीत. केशरीवर पांढरी अक्षरं. उन्हात तर काहीच दिसत नाही." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं मोजमाप असतं. साध्या आकाराच्या मजकुराला जागतिक निकष किमान ४.५ ला १ असा आहे. आमच्या बोधचिन्हाच्या केशरीवर पांढरं अक्षर जेमतेम २ ला १ भरत होतं. मी ते मोजून फायलीत लावलं होतं. कोणी पाहिलं नव्हतं. आता पाचशे माणसांसमोर एका आजींनी ते सांगितलं आणि तीन-चार टकली डोकी होकारार्थी हलताना दिसली.

विषयपत्रिकेच्या शेवटी नेहमी एक ओळ असते: मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय. सहसा त्यात कोणाच्या तरी सत्काराचा ठराव होतो. त्या दिवशी जोखीम विभागप्रमुख उठून व्यासपीठाच्या मागून अध्यक्षांपाशी गेले, कानाशी काही बोलले, आणि अध्यक्षांनी ठराव मांडायला परवानगी दिली. सचिवांनी मसुदा वाचला: दृष्टिबाधित सभासदांना अहवाल व बँकेच्या ऑनलाइन सेवा उपलब्ध करून द्याव्यात. काकांनी पुन्हा हात वर केला.

"'उपलब्ध' नको. 'स्वतः वाचता व वापरता येतील अशा' असं लिहा. आणि 'दृष्टिबाधित' काढा, 'सर्व सभासदांना' लिहा. त्या बाईंनाही दिसत नाहीये."

तसं लिहिलं गेलं. "मंजूर?" या वेळी मंजूर हा शब्द मागच्या रांगांतूनही आला.

दुसऱ्या दिवशी महाव्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, त्यांना तुम्ही उभं केलंत का? मी खरं ते सांगितलं. काकांनी अहवाल मागितला होता, मी ईमेलने पाठवला होता, जसा कोणत्याही सभासदाला पाठवतात.

तो अहवाल काकांना का वाचता आला नव्हता, ते शोधायला मी छापखान्यात गेले. तिथले डीटीपीवाले दादा पंचवीस वर्षं मराठी अक्षरजुळणी करत होते. त्यांनी मला जुन्या फॉन्टची गंमत दाखवली. पडद्यावर सुंदर मराठी दिसत होतं. त्यांनी फॉन्ट बदलला आणि तिथे रोमन अक्षरांचा, कंसांचा, खुणांचा कचरा उमटला. संगणकात प्रत्यक्षात साठवलेला असतो तो हा कचरा. फॉन्ट त्याला देवनागरीचं रूप देतो, एवढंच. युनिकोड रुळण्याआधी मराठी मुद्रण या फॉन्टांवरच उभं राहिलं, आणि त्यांनी मोठं काम केलं. पण एनव्हीडीएला रूप दिसत नाही. त्याने काकांना अध्यक्षांच्या मनोगतापासून ताळेबंदापर्यंत हा कचरा वाचून दाखवला होता. दादांनी ते ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी इतकी वर्षं हे करतोय, आणि माझं टाइप केलेलं असं ऐकू येतं?"

पुढचा अहवाल त्यांनी युनिकोडमध्ये जुळवला. तरी पीडीएफ बनवली की त्यात वेलांट्या आणि जोडाक्षरं जागा सोडायची, "निधी"चं भलतंच काही ऐकू यायचं. देवनागरी पीडीएफचं हे दुखणं अनेकांना माहीत आहे. शेवटी आम्ही पीडीएफचा हट्ट सोडला आणि सगळा अहवाल वेबपान म्हणूनही टाकला, प्रत्येक भागाला मथळा, प्रत्येक तक्त्यात स्तंभाचं शीर्षक त्या-त्या आकड्याला जोडलेलं. त्यामुळे एनव्हीडीए आकडा वाचताना तो कुठल्या वर्षाचा, कुठल्या शीर्षाखालचा, तेही सांगतं.

ठराव झाल्यावर नेटबँकिंगच्या कामाला वेग आला. पुढच्या प्रत्येक टेंडरमध्ये अट गेली: डब्ल्यूसीएजी २.१ या वेब-सुगम्यतेच्या जागतिक निकषांची मधली पातळी, ज्याला डबल ए म्हणतात, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी तपासून सही केल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. तपासायला काका आणि आणखी दोघं. त्यांना मानधन द्यायचं का, यावर मात्र अडलं. "आपल्यासाठीच तर करताहेत, सेवा म्हणून करतील," असं एकाने म्हटलं. मी या एका मुद्द्यावर हटले नाही. सुरक्षेची चाचणी करणाऱ्याला आपण पैसे देतो. ह्यांनीही चाचणीच केली आहे. व्हाउचर "व्यावसायिक शुल्क" या शीर्षाखाली निघालं. काकांनी ते पैसे त्यांच्या चालू खात्यात जमा झालेले स्वतः पाहिले आणि मला फोन केला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच दिवाळीत मार्केटिंगने ठेवींचे नवे व्याजदर एका सजवलेल्या चित्रात घालून पहिल्या पानावर लावले, आणि ते चित्र पुन्हा मुकं होतं. अ‍ॅपच्या एका नव्या आवृत्तीत ओटीपीचा रकाना मुका झाला आणि तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. अशा वेळी काका रागावत नसत, पण त्यांच्या आवाजातला थकवा मला कळायचा. २०२० च्या टाळेबंदीत गावातून शाखेपर्यंत जायची सोय नव्हती तेव्हा त्यांनी बूथचे सगळे व्यवहार घरून केले. भाचा तेव्हा पुण्यात अडकला होता.

२०२२ ची सभा पुन्हा सभागृहात झाली. मी नोकरी सोडायच्या आधीची ती माझी शेवटची सभा. सचिवांनी अहवालाचा विषय वाचला, "मंजूर?" म्हटलं, आणि पाचव्या रांगेतून काका उठले. व्यासपीठावरच्या दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं. आता काय बिघडलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"अध्यक्षसाहेब, अहवाल मी पूर्ण वाचला," काका म्हणाले. "आर्थिक निर्देशकांच्या तक्त्यात निव्वळ अनुत्पादित कर्जांचं प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा वाढलेलं आहे. पण आपल्या मनोगतात वसुली समाधानकारक आहे असं म्हटलंय. ते कसं, ते सभेला सांगा."

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि समोरच्या अहवालात तो तक्ता शोधायला लागले. शेजारच्या संचालकांनी पान उलटून दाखवलं. सभागृह शांत बसून होतं.